पुढचं खग्रास सूर्यग्रहण कागद-पेन घेऊन कसं काढायचं

१६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण आपल्या जवळनंच गेलंय, अंकोला, हुबळी, रायचूर असा सावलीचा पट्टा होता, बेळगाव-खानापूरकडं घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. तीच तारीख धरूया.

तारखेत १८ वर्षं, ११ दिवस आणि ८ तास मिळवायचे. फक्त त्या १८ वर्षांत २९ फेब्रुवारी पाच वेळा आला असेल तर ११ ऐवजी १० दिवस, चूक होते ती इथंच. इथं ८०, ८४, ८८, ९२, ९६ असे पाच आले म्हणून उत्तर २६ फेब्रुवारी १९९८, आणि त्या दिवशी खरंच खग्रास झालं, पण पनामा-व्हेनेझुएलाकडं. एवढ्या लांब कसं गेलं? ते ८ तास बघा की, तेवढ्यात पृथ्वी आणखी एक तृतीयांश फिरते आणि सावली पश्चिमेला सरकते. म्हणून तीनदा मिळवायचं, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभर, की ग्रहण परत आपल्या बाजूला. १९९८ नंतर ९ मार्च २०१६ इंडोनेशियात (८ तासांत मध्यरात्र ओलांडली म्हणून एक दिवस जास्त), आणि मग २० मार्च २०३४, पाडव्याच्या आदल्या दिवशी! पण ही मालिका दरवेळी थोडी उत्तरेला सरकतेय, त्यामुळं हुबळीला नाही, पट्टा लडाखकडनं जाणार, आपल्याला खंडग्रास.

आता हे जमतं कसं ते सांगतो, मला सगळ्यात भारी हेच वाटतं. चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली आहे म्हणून दर अमावस्येला ग्रहण होत नाही, अमावस्येला चंद्र राहू किंवा केतूजवळ पाहिजे, म्हणजे जिथं त्याची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तिथं. २२३ अमावस्यांना लागतात ६५८५.३२ दिवस, आणि राहूपासून परत राहूपर्यंत अशा २४२ फेऱ्यांना ६५८५.३६! वर चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो त्या २३९ फेऱ्यांना ६५८५.५४, म्हणून चंद्र तेवढाच मोठा दिसतो आणि खग्रासनंतर बहुतेक खग्रासच येतं. तिन्ही हिशोब एका दिवसाच्या आत जुळतात, बॅबिलोनच्या लोकांना हे चक्र दोन हजार वर्षांपूर्वीच सापडलं होतं.

नेमक्या कुठल्या गावावर सावली पडेल ते यातनं निघत नाही, त्याला बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची पद्धत आणि कॉम्प्युटर लागतो.

२२ जुलै २००९ चं सुरतचं ग्रहण घ्या, लीप दिवस चारच, उत्तर २ ऑगस्ट २०२७, इजिप्तमध्ये लक्झरजवळ ६ मिनिटं २३ सेकंद खग्रास. आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास, पण आषाढी अमावस्या म्हणजे ढगांचाच प्रश्न, बघायचंच असेल तर पूर्वेला कोरड्या भागात जायची तयारी ठेवा, आणि ग्रहणाचा चष्मा लावूनच.

आता तुम्ही करा: २६ डिसेंबर २०१९, कासरगोडचं कंकणाकृती. उत्तर ५ जानेवारी २०३८ यायला पाहिजे, नाही आलं तर लीप दिवस परत मोजा.