माठातलं पाणी गार का होतं? सांगू नका, चार बाटल्या मांडा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या घरात गेला की घरातल्या सगळ्यांच्या चकरा माठाकडं सुरू होतात. लहान लेकरांना विज्ञान शिकवायला याच्याइतकं सोपं साधन मला तरी दुसरं सापडलं नाही.

पहिल्या वर्षी मी चुकले. तिसरीच्या वर्गात फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहिलं आणि दहा मिनिटांत सगळं समजावून मोकळी झाले. लेकरांनी शब्द पाठ केला. आठवड्यानं विचारलं, "माठ गार का?" तर उत्तर आलं, "मातीच गार असती, मॅडम."

तेव्हापासून तो शब्द मी शेवटी ठेवते. आधी अंदाज. प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा आणि चुकला तरी खोडायचा नाही. आपणही तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. लेकरं वहीपेक्षा आपला चेहराच जास्त वाचतात.

मग एकेक लिटरच्या चार सारख्या बाटल्या घ्या. एकाच बादलीतलं पाणी चारींत भरा आणि बुचं लावा. पहिली तशीच ठेवा. दुसरीला जुन्या धोतराचं कोरडं फडकं गुंडाळा. तिसरीला तसंच फडकं, पण ओलं. चौथीलाही ओलंच, मात्र वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवून तोंड गच्च बांधा. चारी बाटल्या ओसरीवर किंवा लिंबाच्या सावलीत, वारा लागेल अशा ठेवा. तिसरीचं फडकं वाळू देऊ नका, त्याच बादलीतलं पाणी शिंपडत राहा.

चार कशाला, दोन पुरे की, असं वाटेल. पण लेकरं वकिली करतात. "फडक्यामुळं गार झालं" म्हणणाऱ्याला दुसरी बाटली दाखवायची. "ओलं होतं म्हणून" म्हणणाऱ्याला चौथी. तिथं ओल आहे, पण वाफेला बाहेर पडायला वाट नाही.

मोजायला ताप बघायचा थर्मामीटर घेऊ नका. काचेचा असेल तर तो ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही. हायस्कूलच्या प्रयोगशाळेतला साधा मिळाला तर उत्तम. नाहीतर डोळ्यांवर रुमाल बांधा आणि प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी तळहातावर ओता. दीड-दोन तासांत तिसरी बाटली डोळे झाकूनही ओळखू येते.

आता शब्द सांगा. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. फडक्यातलं पाणी ती बाटलीकडून घेतं आणि उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. माठाच्या बारीक छिद्रांतून झिरपणारं पाणी तेच करतं. म्हणूनच बाहेरून ऑइल पेंट दिलेला माठ दिसायला देखणा आणि कामाला वाया.

इथं थांबू नका, कारण खरी गंमत जुन्या माठाच्या पाठीवर आहे. बोअरचं पाणी भरणाऱ्या घरात माठाला बाहेरून पांढरा खार चढलेला असतो. पाणी तर आपण आत भरलं, मग हा बाहेर कुठून आला? लेकरांना डोकं खाजवू द्या. कोणीतरी म्हणेलच, "पाणी उडालं, खार राहिला." त्या खारावर लिंबाचे चार थेंब पिळा आणि डोळे जवळ नेऊन बघा: बारीक बुडबुडे येतात. खारात चुन्याचा अंश असतो, आंबट लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. हाच खार छिद्रांतही बसतो, म्हणून दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठ नव्याइतका गार करत नाही. आजी नवा माठ का मागते, ते लेकराला आता आजीलाच सांगू द्या.

वहीत तारीख, वेळ, ऊन होतं का ढग, हे लिहून ठेवा. बाटल्या टाकू नका.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, आमचा कूलर उन्हाळ्यात गार करतो, मग पाऊस लागल्यावर नुसता चिकचिक का करतो?" उत्तर ओठांवर आलं होतं, ते गिळलं. जुलैत झड लागली त्या दिवशी त्याच चार बाटल्या पुन्हा ओसरीवर मांडल्या.