डोमेन नेमके कोणाच्या नावावर आहे? व्यावसायिकांनी या चुका टाळाव्यात

वेबसाइट करून देणाऱ्याला पैसे दिले आणि बिल फाइलला लावले की डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव, आपले झाले, असे बहुतेक दुकानदार धरून चालतात. प्रत्यक्षात रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत मालक, म्हणजे 'रजिस्ट्रंट', म्हणून ज्याचे नाव व ई-मेल असतो, त्याच्या हाती डोमेन असते. पैसे कोणी दिले हे तिथे सहसा कोणी विचारत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मसाले विक्रेत्याचे डोमेन साइट करणाऱ्या मुलाने स्वतःच्या खात्यातून घेतले होते. त्यात लबाडी नव्हती, त्याला ते सोयीचे वाटले इतकेच. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला, नंबर बदलला आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न उघडलेल्या मेलबॉक्समध्ये साचत राहिल्या. विक्रेत्याला हे कळले ते साइट बंद पडल्यावर, ऐन दिवाळीच्या तोंडावर.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रारनुसार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नूतनीकरण करता येते. डोमेन रद्द झाल्यावरही आणखी ३० दिवस ते सोडवून घेता येते, मात्र त्याचे शुल्क बरेच जास्त असते; त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येते.

दुसरी चूक सावध माणसेही करतात. रजिस्ट्रारच्या खात्याला ते त्याच डोमेनवरचा ई-मेल देतात. डोमेन थांबले की त्यावरची मेलही थांबते, आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा नेमका त्याच बंद पत्त्यावर जातो. म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावे, तसे. खात्याला स्वतंत्र ई-मेल द्यावा आणि ओटीपी येणारा मोबाइल मालकाचा असावा, हिशेबनीसाचा नव्हे.

डोमेनची नोंद दाखवणाऱ्या 'हूइज' या सार्वजनिक शोधसेवेत नाव शोधून खात्री होईलच असे नाही, कारण २०१८ पासून तिथे मालकाचा तपशील बहुधा झाकलेला असतो. रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः शिरूनच पाहावे. 'संस्था' या रकान्यात आपल्या फर्मचे नोंदणीकृत नाव नसेल, तर ते आजच भरून घ्यावे.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असल्यास संबंध गोड असतानाच ते मागून घ्यावे. रजिस्ट्रार तोच ठेवायचा असेल, तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ते सहसा लगेच हलवता येते. रजिस्ट्रार बदलायचा असेल, तर हस्तांतरण-कोड लागतो. डॉट कॉमच्या नियमांनुसार खातेदाराने मागितल्यापासून रजिस्ट्रारने तो ५ दिवसांत उपलब्ध करून द्यावा लागतो. नवे डोमेन मात्र पहिले ६० दिवस सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही.

समोरचा अडूनच बसला, तर डॉट इन नावांसाठी, त्या नावांचा कारभार पाहणाऱ्या 'निक्सी' या संस्थेच्या धोरणानुसार लवादाकडे जाता येते. परंतु तिथे त्या नावावरचा आपला हक्क, उदाहरणार्थ ट्रेडमार्क, आणि समोरच्याचा खोटा हेतू सिद्ध करावा लागतो. ज्याला आपणच 'तुझ्या खात्यातून घे' म्हटले होते, त्याचा हेतू खोटा ठरवणे सोपे नाही.