मे महिन्यात लेकरांना थीम पार्कला नेताय? या चुका टाळा

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. डिसेंबरातली सगळ्यात वरची रेघ 138 सेंटिमीटरवर आहे. धाकटीला ज्या राइडमध्ये बसायचं होतं तिथं 140 लागतात, हे तिनं कुठल्या तरी व्हिडिओत बघितलेलं. त्या दोन सेंटिमीटरसाठी ती रोज सकाळी खिडकीच्या गजाला लोंबकळायची. तिकिटं काढली होती 15 जानेवारीची, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची. सासूबाई म्हणाल्या, "करीच्या दिवशी कुठं प्रवासाला निघतेत का माय?" मी म्हटलं, शाळेची सुट्टी तेव्हाच जुळतेय, काही होत नाही.

कोरोनाची साथ चालू होती. 8 जानेवारी 2022 ला, शनिवारी, राज्य सरकारचा आदेश आला. सोमवार, 10 तारखेपासून मनोरंजन उद्यानं बंद.

पार्कनं तारीख पुढं ढकलून दिली. त्याबद्दल तक्रार नाही. घाटातल्या हॉटेलानं मात्र एक पैसा परत दिला नाही, आणि गाडीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स गेला तो गेलाच. हे सगळं मी आधी नीट वाचलं असतं, विचारलं असतं, तर टळलं असतं. मार्च 2022 मध्ये धुळवड झाली, परभणीत उन्हाचा चटका लागायला लागला आणि मैत्रिणींमध्ये पुन्हा "मे महिन्यात लेकरांना कुठं न्यायचं" हा विषय सुरू झाला. कुणाचेही कष्टाचे पैसे आमच्यासारखे जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते. नियम आणि तारखा त्या वेळच्या आहेत.

पहिली चूक: पार्कच्या तिकिटापासून सुरुवात करणं

बाकी सगळ्या चुका ह्या एकीतून निघतात. आपण आधी पार्कचं तिकीट काढतो, कारण लेकरांना तेच दाखवायचं असतं. मग त्या तारखेला हॉटेल बांधतो, हॉटेलला गाडी बांधतो, आणि सगळी दोरी एका खुंटीला अडकते. साथीच्या काळात ती खुंटी कधी उपटेल याचा नेम नसतो.

तारखाच बघा. केंद्रानं 15 ऑक्टोबर 2020 पासून मनोरंजन उद्यानांना परवानगी दिली. पण महाराष्ट्रात ती सुरू व्हायला 22 ऑक्टोबर 2021 उजाडला, आणि तेव्हासुद्धा पाण्याच्या राइड वगळून. मग 10 जानेवारी 2022 ला पुन्हा बंद. मोजून 80 दिवस. ही काही फक्त आपल्याकडची गत नव्हती. हाँगकाँगचं डिस्नीलँड जानेवारी 2020 मध्ये बंद झालं, जूनमध्ये उघडलं, जुलैत बंद, सप्टेंबरात सुरू, डिसेंबरात बंद, फेब्रुवारी 2021 मध्ये सुरू, आणि 7 जानेवारी 2022 पासून परत कुलूप. ज्यांच्याकडं एवढी साधनं आहेत त्यांनाही पुढच्या महिन्याचं सांगता येत नव्हतं. तेव्हा "पार्क सुरू आहे" याचा अर्थ आज सुरू आहे, एवढाच घ्यायचा.

मग सुरुवात कुठून करायची? माघारी फिरण्यापासून. मी आता एका वहीत चार रकाने आखलेत: खर्च कशाचा, किती, कुठल्या दिवसापर्यंत रद्द करता येतो, आणि रद्द केला तर हातात किती येतात. ज्याचं उत्तर सगळ्यात चांगलं ते आधी काढायचं, ज्याचं सगळ्यात वाईट ते सगळ्यात शेवटी.

असं मांडलं की रेल्वे वर येते. 2022 मध्ये कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या 48 तास आधी रद्द केलं तर स्लीपरला माणशी 120 रुपये आणि थ्री-एसीला 180 रुपये अधिक जीएसटी कापायचे. 48 ते 12 तासांत पाव रक्कम जायची, 12 ते 4 तासांत निम्मी, त्यानंतर काही मिळत नव्हतं. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर शून्य, म्हणून तत्काळच्या भरवशावर अशी सहल आखू नका. त्या वेळी 120 दिवस आधी आरक्षण उघडायचं. ते उघडलं की लगेच काढून ठेवावं. चौघांचं स्लीपर रद्द झालं तर एका बाजूचे 480 रुपये जायचे. एवढा फटका घर सोसू शकतं.

रेल्वेनंतर हॉटेल, तेही "आदल्या दिवसापर्यंत मोफत रद्द" असं स्पष्ट लिहिलेलं. तीन-चारशे रुपये महाग पडतं, पडू द्या. पार्कचं तिकीट शेवटी, जायच्या आठवड्यात. लवकर काढलं की सूट मिळते हे खरं, पण पार्क निम्म्या क्षमतेनं चालायची आणि आदेश बदलत राहायचे, अशा दिवसांत ती सूट मला परवडत नव्हती. अपवाद एकच: गर्दीच्या शनिवार-रविवारी तिकिटं संपण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे मंगळवार-बुधवार धरा. तसंही मे महिन्यात लेकरांना सगळे वार सारखेच.

दुसरी चूक: "पैसे परत मिळतील" ऐकून निश्चिंत होणं

पैसे परत, तारीख बदलून आणि क्रेडिट, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरचा मुलगा तिन्हींना "हो मॅडम, होऊन जाईल" म्हणतो. क्रेडिट म्हणजे तुमचे पैसे त्यांच्याकडंच, आणि ठरलेल्या मुदतीत परत जाणं तुमच्या माथी. विमानाच्या तिकिटांबाबत हा घोळ सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1 ऑक्टोबर 2020 ला निकाल लागला. 25 मार्च ते 24 मे 2020 या टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करायला कोर्टानं सांगितलं. तो निकाल विमानांपुरता होता. हॉटेल, पार्क, गाडीवाला यांच्याशी तुमचं जे ठरलं असेल तेच चालतं.

म्हणून पैसे भरायच्या आधी तीन प्रश्न लेखी विचारा. सरकारनं पार्क बंद केलं तर काय? आमच्या घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर काय? आणि तिसरा, जो आपल्या भागातल्या माणसानं विसरूच नये: पार्क सुरू आहे, पण आमच्याच जिल्ह्यात निर्बंध लागले तर काय? मार्च 2021 मध्ये राज्यभर कडक निर्बंध यायच्या आधीच, 11 तारखेपासून औरंगाबादेत अंशतः टाळेबंदी लागली, आणि महिनाअखेर नांदेड आणि बीडही बंद झाले. अशा वेळी समोरचा म्हणतो, "आमचं तर सुरू आहे, तुम्हीच आला नाहीत." उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर घ्या, स्क्रीनशॉट काढा, तो कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा. फोनवरच्या शब्दाला नंतर कुणी ओळख देत नाही, हे मी भोगलंय.

तिसरी चूक: एकाच जिल्ह्याचा नियम वाचणं

4 मार्च 2022 पासून राज्यानं 14 जिल्ह्यांना बरीच मोकळीक दिली. लसीचा पहिला डोस 90 टक्के आणि दुसरा 70 टक्के लोकांचा झालेला असावा, असे निकष होते. मुंबई, पुणे, रायगड त्या यादीत होते. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकही नव्हता. म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका पार्क ज्या रायगड जिल्ह्यात आहे तिथला नियम वेगळा होता आणि आपल्या दारातला वेगळा. जाताना हा फरक जाणवत नाही, मधेच काही बदललं की जाणवतो. आपल्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि पार्कच्या जिल्ह्याचा आदेश, दोन्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी बघा. ग्रुपवर फिरणारं जुनं कात्रण नको. त्यावर तारीखसुद्धा नसते.

चौथी चूक: डोसचा हिशोब न मांडणं

"लस झालीय ना" एवढं पुरत नव्हतं. पूर्ण लसीकरण म्हणजे दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस. मार्च 2022 मध्ये मुंबईच्या लोकलला तेच लागायचं, आणि कल्याणला उतरून खोपोली लोकल पकडायची असेल तर हा मुद्दा थेट तुमचा होता. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवस जायचे, म्हणजे घरातल्या कुणी तोवर पहिलाच घेतला नसेल तर मे महिना हातचा गेला.

12 ते 14 वयाच्या लेकरांची लस 16 मार्च 2022 ला सुरू झाली. थोरल्याला आम्ही पहिल्याच दिवशी नेलं. त्या कोर्बेव्हॅक्स लसीचा दुसरा डोस 28 दिवसांनी, म्हणजे 13 एप्रिलला. पुढचे 14 दिवस धरले की 27 एप्रिल. म्हणून आमची सहल मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात धरली. 16 तारखेपासूनच 60 वर्षांवरच्या सगळ्यांना प्रिकॉशन म्हणजे तिसरा डोसही खुला झाला, दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असले की. आजी-आजोबा सोबत येणार असतील तर तो आधी उरकून घ्यायचा होता. 12 च्या आतल्यांना तेव्हा लसच नव्हती. ती घरातली सगळ्यात उघडी माणसं, हे विसरून चालणार नव्हतं. त्यांच्यासाठी वयाचा पुरावा म्हणून शाळेचं ओळखपत्र किंवा आधार जवळ ठेवायचं.

पाचवी चूक: फक्त मुंबईकडं तोंड करून बसणं

थीम पार्क म्हटलं की आपलं डोकं आपोआप पुण्या-मुंबईकडं वळतं. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकरांनी एकदा नकाशा बघावा. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद आपल्याला परकं कधी नव्हतंच. सोळाशे एकरांवर पसरलेली, 1996 मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी तिथं आहे, आणि 2016 मध्ये सुरू झालेलं वंडरला पार्क. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर मला रामोजी जास्त सोयीचं वाटतं, कारण बराचसा भाग बसमध्ये बसून बघता येतो. देवगिरी एक्स्प्रेस मुंबईलाही जाते आणि सिकंदराबादलाही. फक्त साथीत तिथं दोन राज्यांचे दोन आदेश लागायचे, म्हणून तिसऱ्या चुकीतलं सगळं इथं दुप्पट लागू.

प्रवासाचंही बघा. 2021 च्या दिवाळीपासून एसटीचा संप चालू होता. "स्टेशनापर्यंत एसटीनं जाऊ" हे गृहीत धरता येत नव्हतं. खेड्यातून निघणाऱ्यांनी स्टेशनापर्यंतच्या गाडीचे पैसे आधीच खर्चात धरावेत. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, म्हणजे आजी-आजोबांचं पूर्ण तिकीट. एसीतलं अंथरूण-पांघरूण परत देणार असं रेल्वेनं 10 मार्च 2022 ला जाहीर केलं, पण प्रत्येक गाडीत ते यायला वेळ लागणार होता. आपली चादर घेऊनच निघायचं होतं.

सहावी चूक: ताप लपवणं

हे लिहायला जड जातं, पण लिहिते. पैसे भरलेले, लेकरं आठ दिवस नाचतायत, आणि आदल्या रात्री एकाचं अंग कोमट लागतं. क्रोसिन देऊन गेटवरच्या थर्मामीटर गनमधून पार होणारे लोक मी ऐकलेत. कृपा करून असं करू नका. राइडच्या रांगेत तुमच्या मागं कुणाची तरी आजी उभी असते.

कोरोनाची घरी करायची टेस्ट किट मेडिकलवर मिळते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. निघायच्या आदल्या सकाळी करा, रात्री नको. सकाळी कळलं तर रेल्वेचं तिकीट रद्द करायला वेळ हातात राहतो. पॉझिटिव्ह आलं तर लक्षणं सौम्य असली तरी किमान सात दिवस घरात, आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला पाहिजे, असा 2022 मधला नियम होता. वहीतल्या त्या चार रकान्यांचा खरा उपयोग इथं होतो. रद्द केल्यावर किती जातील हे आधीच माहीत असलं की तापलेल्या लेकराला ओढत न्यायचा मोह होत नाही.

काही छोट्या गोष्टी. पाण्याच्या राइड सुरू आहेत का हे वेगळं विचारा, कारण उन्हाळ्यात आपण त्याच्यासाठीच जातो. उंचीची अट प्रत्येक राइडची वेगळी असते, ती घरी मोजून लेकराला आधीच सांगा. गेटवर सांगितलं तर दिवसभर रडारड. परदेशात जाणाऱ्यांनी आणखी सांभाळून. 31 ऑक्टोबर 2021 ला शांघाय डिस्नीलँडमध्ये आदल्या दिवशी येऊन गेलेली व्यक्ती पॉझिटिव्ह निघाल्याचं कळलं, आणि आत असलेल्या 30 हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडलं नाही. औषधं आणि मोबाइलचा चार्जर खोलीवर ठेवून पार्कात जाऊ नका.

पैसे अडकलेच तर

आधी लेखी मागा, मुदत देऊन. नाही दिले तर ग्राहक आयोग आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक मोठी सोय झालीय: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. हॉटेल घाटात असलं तरी परभणीकराला परभणीच्या आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रार ऑनलाइन, घरबसल्या दाखल करता येते. वकील लागतोच असं नाही. पावती, स्क्रीनशॉट आणि सरकारी आदेशाची प्रत लागते. मी माझी कागदं जमवलीत, पण हॉटेलनं "पैसे परत नाहीत" हे आधीच छापलेलं होतं आणि मी त्याच्यावर टिक केली होती, म्हणून माझी बाजू लंगडी आहे. तुमची तशी होऊ देऊ नका.

धुळवडीच्या दिवशी रंग धुऊन झाल्यावर धाकटीनं पुन्हा टेप काढला. 139 आणि वर अर्धा. नवी रेघ मारली आणि तिथं तारीख घातली. रेल्वेची तिकिटं काढून झालीत. पार्कची अजून काढलेली नाहीत.