राज्यचिन्हांबद्दल लिहिताना या चुका टाळा

शाळेचा फलक असो, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की १ मेची प्रश्नमंजूषा, लोकप्रिय ते अधिकृत असं धरून चालण्याची चूक सगळीकडे सापडते. हॉकीचंच बघा. आपण तिला राष्ट्रीय खेळ म्हणत लहानाचे मोठे झालो. धुळ्यातल्या एका शिक्षकाने २०२० साली माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा सरकारने कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ तर आपण १९६० च्या दशकापासून गातो आहोत. राज्यगीत मात्र ते १९ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, त्यानंतर.

दुसरी चूक जुन्या यादीची. प्रतीकं बदलतात. आंध्र प्रदेशाचा राज्यपक्षी नीलपंख होता. २०१४ मध्ये राज्याचं विभाजन झालं, नीलपंख तेलंगणाने ठेवला आणि आंध्रने २०१८ मध्ये पोपट निवडला. म्हणून यादी कोणत्या सालची आहे हे आधी बघा आणि शंका आली की शासन निर्णय शोधा. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार मिळतो.

नावांतही घोळ होतो. तामण हे झाड असल्यामुळे अनेकजण त्याला राज्यवृक्ष करून टाकतात. तामणाचा मान फुलाला आहे, राज्यवृक्ष आंबा. आपला राज्यपक्षी हरियाल हिरवा दिसला तरी पोपट नव्हे, तो कबुतराच्या कुळातला. आणि राज्यप्राणी शेकरूच्या, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीच्या जागी अंगणातल्या खारीचा फोटो कृपा करून लावू नका. भीमाशंकरच्या जंगलात ते एकदा तरी बघा, पुन्हा चूक होणार नाही.

अशोकस्तंभाच्या सिंहांच्या राजमुद्रेखाली ‘सत्यमेव जयते’ नसेल तर ती अपुरी असते. खासगी व्हिजिटिंग कार्डावर, लेटरहेडवर ती छापायला २००५ च्या कायद्याने मनाई आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो समज वेगळाच आहे: राज्यचिन्ह झालं म्हणजे संरक्षण मिळालं. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, पण त्या घोषणेने जाळ्यात सापडणारी पिल्लं वाचत नाहीत. त्यासाठी सागरी मासेमारीच्या कायद्याखाली किमान आकाराचा वेगळा नियम लागतो, आणि तो बंदरावर पाळला जावा लागतो. बाजारात तळहाताएवढंही नसलेलं पापलेट दिसलं, तर घेऊ नका.