भयविनोदी चित्रपटांची क्रमवारी मित्रमंडळींत कशी लावावी

बेळगावात चार मित्र चहा आणि मिरची भज्यांसाठी बसले आणि भुताच्या सिनेमाचा विषय निघाला, की पाचव्या मिनिटाला कोणीतरी तात्या विंचूचा आवाज काढतो आणि चर्चा तिथेच संपते. ‘झपाटलेला’ पहिला, बाकीचे मागाहून, असा निकाल हशात लागतो आणि ज्याला ‘आप्तमित्र’ किंवा ‘स्त्री’बद्दल काही सांगायचे असते, तो गप्प राहून भजी संपवतो. मला स्वतःला हा निकाल बहुतेक वेळा मान्यच असतो, पण तो लागण्याची रीत मान्य नाही. आपल्या सीमाभागातील प्रेक्षक मराठी, हिंदी आणि कन्नड असे तिन्ही भाषांतील चित्रपट पाहतो. त्यामुळे त्याने लावलेली क्रमवारी पुण्या-मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या यादीपेक्षा वेगळी, आणि माझ्या मते अधिक रंगतदार, असायला हवी. त्यासाठी एक संध्याकाळ, काही कागद आणि थोडी शिस्त एवढेच लागते.

बैठकीची तयारी

सात ते अकरा माणसे पुरेशी आहेत, आणि संख्या विषम ठेवलेली बरी, म्हणजे समसमान मतांचा पेच कमी वेळा येतो. सगळे एकाच वयाचे नसावेत. १९९३ साली ज्यांनी ‘झपाटलेला’ थिएटरात पाहिला ते आणि ज्यांनी तो पुढे केबलवर तुकड्यातुकड्याने पाहिला ते, अशा दोघांच्या आठवणी एकच चित्रपट सांगत नाहीत. मंडळींत निदान दोन जण कन्नड चित्रपट नियमित पाहणारे असावेत. खास आपल्या भागासाठी एक सूचना करतो: कोणत्या भाषेतील चित्रपट श्रेष्ठ असा फाटा फुटला, तर यजमानाने सीमाप्रश्न त्या संध्याकाळपुरता उंबरठ्याबाहेर ठेवायला सांगावे. तो वर्षानुवर्षे तिथे थांबलेला आहे, आणखी दोन तास थांबेल.

यादीत काय घ्यावे

क्रमवारीपूर्वी यादी ठरवावी, आणि यादीपूर्वी व्याख्या. बहुतेक भांडणे खरे तर व्याख्येवरून होत असतात, हे नंतर कळते. ज्या चित्रपटात भूत आहे आणि विनोदही आहे तो प्रत्येक चित्रपट भयविनोदी असतोच असे नाही. भुताला केवळ गोड पाहुणा म्हणून आणणारे चित्रपट वेगळे काढावेत, आणि निव्वळ भयपटात नोकराच्या तोंडी दोन विनोद घातलेले असतील तर तेही बाजूला ठेवावेत. मी लावतो ती कसोटी अशी: ज्या गोष्टीची भीती वाटते, त्याच गोष्टीचे हसू येते का? ‘झपाटलेला’मध्ये लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा माणूस आहे, त्यामुळे आपल्या हातातील बाहुला खरोखरच जिवंत आहे असे तो ओरडून सांगतो तेव्हा कोणाचाही विश्वास बसत नाही. प्रेक्षक हसतो तो याच गोष्टीला आणि घाबरतो तोही याच गोष्टीला. सॅम रायमी यांच्या ‘इव्हिल डेड २’ (१९८७) मध्ये नायकाचा स्वतःचा हात त्याच्यावर उलटतो, तिथेही हेच घडते. जिथे विनोदाचे प्रसंग एका खोलीत आणि भीतीचे दुसऱ्या खोलीत ठेवलेले असतात, तो चित्रपट यादीत घ्यावा, पण त्याचा वकील कोण हे आधी विचारून घ्यावे.

दुसरा वाद खऱ्या आणि खोट्या भुताचा असतो. फाझील यांच्या मल्याळम ‘मणिचित्रताळ’ (१९९३) पासून निघालेल्या घराण्यात भुताचे स्पष्टीकरण मनोविकाराने दिले जाते. २०२५ च्या कन्नड ‘सू फ्रॉम सो’मध्ये किनारपट्टीवरचे अख्खे गाव अंगात आल्याच्या गोष्टीने हवालदिल होते. अंतिमतः भूत खरे निघाले नाही म्हणून हे चित्रपट बाद करावेत असे म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. त्याचे ऐकू नये. प्रेक्षक घाबरला तो दोन तास घाबरलाच, स्पष्टीकरण त्याला शेवटी मिळाले.

रिमेकचे काय करावे

हा प्रश्न बेळगावात जितका खरा आहे तितका अन्यत्र क्वचितच असेल. ‘मणिचित्रताळ’ची कथा कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (२००४) म्हणून आली, तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ (२००५) म्हणून, आणि हिंदीत प्रियदर्शन यांनी ती ‘भूलभुलैया’ (२००७) म्हणून केली. पहिल्या दोन्ही रिमेकचे दिग्दर्शक पी. वासू हेच होते. आपल्याकडे एकाच घरात आईने विष्णुवर्धन यांचा ‘आप्तमित्र’ पाहिलेला असतो आणि मुलाने अक्षय कुमारचा ‘भूलभुलैया’, आणि दोघांनाही आपण मूळ कथा पाहिली असे वाटत असते. अशा वेळी रिमेकना एकत्र मोजू नये आणि सरसकट वेगळेही करू नये. प्रत्येकाने त्या घराण्यातून एकच चित्रपट निवडावा आणि निवडीचे कारण म्हणून मूळ कथेत नसलेली एक गोष्ट सांगावी. ते सांगता आले नाही, तर त्याने कथेला मत दिले आहे, चित्रपटाला नाही, असे समजावे. त्याच न्यायाने राघव लॉरेन्स यांचा तमिळ ‘कांचना’ (२०११) पाहिलेला आणि त्याचाच उपेंद्र यांचा कन्नड रिमेक ‘कल्पना’ (२०१२) पाहिलेला, असे दोघे समोरासमोर बसवता येतात. ‘झपाटलेला’वरही अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ची (१९८८) छाया आहे, हे मोकळेपणाने मान्य करून मग महेश कोठारे, दिलीप प्रभावळकर आणि बाहुल्याला हालचाल देणारे रामदास पाध्ये यांनी त्यात आपले काय घातले यावर बोलावे.

पाहिल्याचा पत्ता

प्रत्येकाने चित्रपटाच्या नावापुढे तो कधी, कुठे आणि कोणाबरोबर पाहिला हे एका ओळीत लिहावे. ही पायरी बरेच जण अनावश्यक समजतात, पण निम्मे गैरसमज इथेच सुटतात. गणेशोत्सवात गल्लीत ताणलेल्या पडद्यावर, आठव्या वर्षी, थोरल्या भावाच्या पाठीमागून पाहिलेल्या चित्रपटाची भीती ही त्या रात्रीची भीती असते, आणि तीच फिल्म मोबाइलवर जेवताना पाहणाऱ्याला ती का वाटत नाही, याचा दोष चित्रपटावर टाकता येत नाही. ‘आप्तमित्र’चेच घ्या. त्यात नागवल्ली साकारणाऱ्या सौंदर्या चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच विमान अपघातात गेल्या होत्या. ज्यांनी तो २००४ मध्ये थिएटरात पाहिला, त्यांच्या अंगावर आलेला काटा केवळ पटकथेचा नव्हता. आठवण पंधरा वर्षांहून जुनी असेल, तर मत देण्यापूर्वी त्या चित्रपटाचे दोन प्रसंग पुन्हा पाहावेत. मी तसे ‘पछाडलेला’चे (२००४) केले तेव्हा लहानपणी ज्याने थरकाप उडवला होता त्या प्रसंगाने फारसे काही केले नाही, इनामदार भुसनाळे झालेले दिलीप प्रभावळकर मात्र पूर्वीपेक्षा अधिक आवडले.

गुण द्यावेत, पण बेरीज करू नये

आता कागदावर दोन रकाने करावेत: भीतीला दहापैकी गुण आणि हसण्याला दहापैकी गुण. ते एकमेकांना न दाखवता द्यावेत. इथवर सगळे सोपे आहे; चूक होते ती पुढे, कारण बहुतेक जण दोन्ही आकडे मिळवतात. एका चित्रपटाला हसण्याचे ९ आणि भीतीचे २, दुसऱ्याला हसण्याचे ६ आणि भीतीचे ५ मिळाले, तर बेरीज दोघांचीही ११ येते, म्हणजे ज्यात भूत नावापुरते आहे तो चित्रपट आणि ज्यात दोन्ही रस खरोखर मिसळले आहेत तो चित्रपट एकाच पायरीवर बसतात. त्याऐवजी गुणाकार करावा. पहिल्याचे १८ होतात, दुसऱ्याचे ३०. गुणाकार एकांगी चित्रपटाला खाली ढकलतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. या गुणाकारावरून प्रत्येकाने आपली वैयक्तिक क्रमवारी लावावी. सगळ्यांचे गुणाकार मात्र एकत्र मिळवू नयेत, कारण काही जण मुळातच हात राखून गुण देतात आणि काही जण सढळ हाताने.

भीतीचे गुण देताना किंकाळी किती मोठी होती हे मोजू नये. माझ्या लेखी खरी भीती म्हणजे घरी परतल्यावर उरते ती. अमर कौशिक यांचा ‘स्त्री’ (२०१८) मध्य प्रदेशातील चंदेरीत घडतो, पण दारावर ‘ओ स्त्री कल आना’ लिहिण्याची कल्पना कर्नाटकात १९९० च्या दशकात पसरलेल्या ‘नाळे बा’ म्हणजे ‘उद्या ये’ या वदंतेशी जुळते. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारणाऱ्या चेटकिणीने दारावरचा मजकूर वाचून परत जावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मजकूर वाचावा, अशी ती कथा. ज्याने तशी अक्षरे लहानपणी एखाद्या दारावर प्रत्यक्ष पाहिली आहेत, तो ‘स्त्री’ला भीतीचे दोन गुण जास्त देणारच, आणि ते त्याने द्यावेत, फक्त कारण कागदावर लिहावे. तसेच पिंपळावरचा मुंजा ज्यांनी आजीकडून ऐकला आहे, ते आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (२०२४) वेगळ्या कानांनी ऐकतात.

वाद घालण्याचे नियम

नियम थोडेच ठेवावेत. बोलणाऱ्याने एक प्रसंग सांगावा. ‘भारी आहे’ किंवा ‘बकवास आहे’ ही मते धरली जाणार नाहीत. प्रत्येकाला तीन मिनिटे, आणि खोडून काढणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत पुन्हा सांगावे. सर्वांत उपयोगी प्रयोग असा, की प्रत्येकाने दुसऱ्याच्या पहिल्या क्रमांकाची बाजू मांडावी. हॉलिवूडच्या ‘घोस्टबस्टर्स’चा (१९८४) भक्त अशोक सराफ यांच्या ‘एक डाव भुताचा’ची (१९८२) वकिली करू लागला, की त्याला आपल्या चित्रपटातील उणिवाही दिसू लागतात. शेवट उघड करण्यापूर्वी कोणी तो चित्रपट पाहिलेला नाही ना हे विचारावे. जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) सारख्या चित्रपटाची तर पहिल्या ३७ मिनिटांपलीकडची एकही गोष्ट न पाहिलेल्यासमोर बोलू नये.

मते कशी मोजावीत

फक्त पहिली पसंती मोजणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. नऊ जणांच्या बैठकीची कल्पना करा. चार जणांचा क्रम मुंज्या, झपाटलेला, स्त्री असा; तिघांचा स्त्री, झपाटलेला, मुंज्या असा; दोघांचा झपाटलेला, स्त्री, मुंज्या असा. पहिल्या पसंतीने ‘मुंज्या’ चार मतांनी जिंकतो, जरी पाच जणांनी त्याला शेवटचा ठेवलेला असला तरी. आता पहिल्या क्रमांकाला ३, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला १ गुण द्या. ‘झपाटलेला’ला २०, ‘मुंज्या’ला १७ आणि ‘स्त्री’लाही १७ मिळतात. १८व्या शतकातील फ्रेंच गणिती जाँ-शार्ल द बोर्दा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत घरगुती बैठकीला उत्तम, कारण ती दुसऱ्या पसंतीलाही किंमत देते. दहा चित्रपट असतील तर १० पासून १ पर्यंत गुण द्यावेत.

दोन चित्रपटांचे गुण सारखे आले, तर सगळ्यांचे कागद पाहून त्या दोघांत कोणाला अधिक जणांनी वर ठेवले आहे हे मोजावे. क्वचित तीन चित्रपट एकमेकांना वर्तुळात हरवतात: पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पहिल्याला. कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्ये हा चमत्कार दाखवला होता, त्यामुळे आपल्या बैठकीत कोणी लबाडी केली असा संशय घेण्याचे कारण नाही. अशा वेळी तिघांनाही एकच क्रमांक द्यावा आणि चहा मागवावा.

न पाहिलेल्या चित्रपटांची अडचण मात्र खरी आहे, आणि आपल्याकडे ती मुख्यतः कन्नड चित्रपटांना भोवते. नऊपैकी पाचच जणांनी ‘सू फ्रॉम सो’ पाहिला असेल, तर उरलेल्या चौघांचे शून्य त्याला तळाला नेते. म्हणून ज्यांनी पाहिला त्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढावी, आणि निम्म्याहून कमी जणांनी पाहिलेल्या चित्रपटाला क्रमांक न देता ‘प्रतीक्षेत’ अशा वेगळ्या यादीत ठेवावे. त्या यादीतील प्रत्येक चित्रपटापुढे तो दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. कन्नड न कळणाऱ्याच्या शेजारी कळणारा बसवावा, पण त्याने अर्थ सांगायचा तो प्रसंग संपल्यावर, आधी नव्हे. विनोद आधी समजावून सांगितला की त्याला मिळणारे हसण्याचे गुण दोनच्या वर जात नाहीत.