सामान्य ज्ञानाची स्पर्धा घेताय? कोकणात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी गावी येतात, शाळेच्या पडवीत नाहीतर देवळाच्या सभामंडपात प्रश्नमंजुषा ठरते, आणि आदल्या रात्री कुणीतरी मोबाइलवरून पन्नास प्रश्न उतरवून काढतं. गडबड तिथेच सुरू होते. ज्या मुलाने नीट वाचलेलं असतं, ते खरं उत्तर देतं आणि कागदावर वेगळं उत्तर आहे म्हणून गुण गमावतं. पुढच्या वर्षी ते मूल स्पर्धेत नाव देत नाही. हे नुकसान मला फार मोठं वाटतं, म्हणून हा लेख.

कोकणातले चुकीचे प्रश्न नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. प्रश्न काढणाऱ्याला माहिती नसते असं सहसा होत नाही. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. आणि हे सगळ्यात जास्त आपल्याच मातीबद्दल होतं, कारण गावाच्या अभिमानाची गोष्ट तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही.

हेलियम आणि विजयदुर्ग

‘हेलियमचा शोध कुठे लागला?’ उत्तर ठरलेलं: विजयदुर्ग, १८ ऑगस्ट १८६८, शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर. सिंधुदुर्गात हा प्रश्न नसलेली स्पर्धा विरळाच. पण यातली तारीख खरी, माणूस खरा, जागाही खरी, तरीही तिघांची मोट चुकीची बांधली आहे.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि ते पाहायला अनेक निरीक्षक हिंदुस्थानात आले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते. लॉकयर मात्र त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हतेच. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवायही पाहता येतो, हे त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून दाखवलं. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ होती, पण सोडियमची नव्हती. ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना; तीच हेलियमची रेषा. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमझी यांना, एका खनिजातून.

मग विजयदुर्गाचा संबंध काय? लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. दुर्बिणी, कॅमेरे, मोठी तुकडी असा सगळा सरंजाम घेऊन. किल्ल्यावर ज्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात ते दाखवून आपण १८६८ सांगतो, आणि तीस वर्षांचं अंतर गिळून टाकतो. मला यात विजयदुर्गाची कुठलीच मानहानी दिसत नाही. त्या काळातल्या सूर्याच्या अभ्यासातलं इतकं मोठं नाव आपल्या किनाऱ्यावर येऊन ग्रहण टिपून गेलं, ही गोष्ट मुलांना सांगावी अशीच आहे. प्रश्न फक्त असा करा: ‘१८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं निरीक्षण लॉकयर यांनी कोकणातल्या कोणत्या किल्ल्यावरून केलं?’ याला एकच उत्तर आहे.

जन्म कुठला, मूळ गाव कुठलं

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं गाव कोणतं?’ या प्रश्नावर एक संघ महू म्हणतो, दुसरा आंबडवे. दोन्ही बरोबर. जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूचा, घराण्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. प्रश्नात ‘जन्मस्थान’ किंवा ‘मूळ गाव’ असा शब्द हवाच.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत तर दुहेरी घोटाळा होतो. त्यांचा जन्म शेरवलीचा, गाव मुरूड. आणि हे मुरूड म्हणजे हर्णैजवळचं, दापोली तालुक्यातलं. रायगड जिल्ह्यातलं जंजिऱ्याशेजारचं मुरूड नव्हे. कित्येक तयार प्रश्नसंचांत कर्व्यांना सरळ जंजिऱ्याच्या मुरूडला नेऊन बसवलेलं असतं.

रत्नागिरीच्या थिबा राजाचंही तसंच. ‘थिबा राजा कुठे राहिला?’ म्हटलं की सगळे थिबा पॅलेस म्हणतात. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं, राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे नजरकैदेतला बहुतेक काळ त्याने त्या राजवाड्याबाहेरच्या घरांत काढला. माणूस, वास्तू आणि वर्ष एकाच प्रश्नात आले की तिन्हींच्या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. अशी चूक मग लगेच डोळ्यांत भरते.

‘पहिला’, ‘सर्वांत लांब’, ‘सर्वांत उंच’

हे शब्द दिसले की थांबा. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा, साधारण साडेसहा किलोमीटरचा, हा देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. २०१३ मध्ये जम्मू-काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा सुरू झाला आणि करबुडे मागे पडला. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल, सुमारे ६४ मीटर उंच, बांधला तेव्हा देशात सर्वांत उंच होता. आज चिनाब नदीवरचा रेल्वेपूल ३५९ मीटर उंचीवर आहे. जुन्या मार्गदर्शकांत मात्र अजून आपलेच दोन्ही विक्रम उभे आहेत. ‘कोकण रेल्वे मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा कोणता?’ असं विचारलं की करबुडे हे उत्तर सुरक्षित राहतं.

तारापूरला ‘भारतातली पहिली अणुभट्टी’ म्हणतात, तेही चूक. पहिली अणुभट्टी मुंबईतल्या तुर्भ्याची (ट्रॉम्बे) अप्सरा, १९५६. तारापूर हे १९६९ मध्ये सुरू झालेलं पहिलं व्यापारी अणुऊर्जा केंद्र. आणि त्याचा जिल्हा विचारला तर उत्तर पालघर, ठाणे नव्हे, कारण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. असंच १९८१ चं वर्षही पक्कं ठेवा: कुलाब्याचं नाव रायगड झालं आणि १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा निघाला. १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीआधी ‘प्रवासी’ हा शब्द लावायला विसरू नका. मालवाहू रूळ त्याआधीही देशात टाकले गेले होते.

युनेस्कोच्या यादीबद्दल सध्या सगळ्यात जास्त वाद होतात. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात आले. त्यांतले कोकणातले पाच: रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. जंजिरा त्यात नाही. तो सिद्दींचा, मराठ्यांना कधी जिंकता आला नाही. आपल्या सड्यांवरची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण संभाव्य यादी म्हणजे वारसा दर्जा नव्हे.

एकाच प्रश्नाचे दोन आकडे

महाराष्ट्राला किती किलोमीटर समुद्रकिनारा? पाठ्यपुस्तकात ७२० आहे. केंद्राच्या जुन्या तक्त्यात ६५२.६ होता आणि नव्या मोजणीत ८७७.९७ आला. देशाचा आकडाही ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ झाला. समुद्राने जमीन दिली नाही, मोजणी बारीक झाली. जितकी बारीक मोजणी, तितकी खाडीची वळणं, खडकांची टोकं, बेटांच्या कडा हिशोबात येतात, आणि आपला किनारा तर खाड्यांनीच भरलेला. हा प्रश्न विचारायचाच असेल तर ‘पाठ्यपुस्तकानुसार’ किंवा ‘नव्या मोजणीनुसार’ हे सांगून विचारा. खरं म्हणजे आकडा का बदलला, हे विचारणं जास्त चांगलं.

समुद्राजवळच्या मुलांना चुकवणारा प्रश्न

‘उधाणाची भरती कधी येते?’ पर्याय: पौर्णिमा, अमावास्या, अष्टमी, एकादशी. कागदावर उत्तर पौर्णिमा. मच्छीमाराच्या घरातलं मूल इथे अडखळतं, कारण त्याने अमावास्येचं उधाण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मूलच बरोबर आहे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र काम करते, आणि हे महिन्यात दोनदा घडतं. अष्टमीच्या सुमाराला त्या ओढी काटकोनात येतात, तेव्हा भांगाची भरती, पाणी कमी चढतं. भरती ‘फक्त चंद्रामुळे’ हेही अपुरं उत्तर, सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडाच कमी आहे. शिवाय पाणी रोज त्याच वेळेला येत नाही, साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं. ज्या विज्ञानाला मुलं रोज किनाऱ्यावर बघतात, त्यावरच चुकीचं उत्तर बरोबर ठरवून त्यांना घरी पाठवू नका.

बाकीच्या ठरलेल्या चुका पटकन सांगतो. हॉकी हा भारताचा अधिकृत राष्ट्रीय खेळ नाही; तसा कुठलाच जाहीर केलेला नाही. महाबळेश्वरच्या सगळ्याच नद्या पूर्वेला जात नाहीत; पाचांतली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला समुद्राला मिळते. वास्को द गामा १४९८ मध्ये उतरला तो कालिकतजवळ, गोव्यात नाही. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, राज्य झालं ३० मे १९८७ ला. हा शेवटचा प्रश्न बझरच्या फेरीत मुलांना फार नडतो, ‘गोवा कधी’ एवढं ऐकूनच बटण दाबतात. स्पर्धकांना सरावातच सांगा, क्रियापद येईपर्यंत हात आवरा.

वाद उभा राहिलाच तर

निवाडा पंचांच्या वयावर किंवा आवाजावर सोडू नका. प्रत्येक उत्तरासमोर ते कुठून घेतलं आणि कुठल्या वर्षीचं आहे, हे आधीच लिहून ठेवा. दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळा करा. एकाच मजकुराच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन खुला आहे. जुने गॅझेटिअरही उपयोगी, पण रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, त्यातले जिल्हे आणि सीमा आजच्या धरू नका. हरकत पुढची फेरी सुरू होण्याआधीच घ्यायची, असा नियम स्पर्धेपूर्वी वाचून दाखवा. दोन उत्तरं खरी निघाली तर दोन्ही संघांना गुण द्या. प्रश्नच सदोष निघाला तर तो रद्द करून राखीव प्रश्न विचारा, आणि राखीव प्रश्न प्रत्येक फेरीला चार-पाच तरी जवळ असू द्या. ज्या मुलाने हरकत घेतली ते बरोबर असेल, तर ते माइकवरून सगळ्यांसमोर सांगा.