हार्ड डिस्क मरायला टेकली असेल तर आधी तिची इमेज घ्या

फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं, कॉपी मध्येच अडकते, मधूनच डिस्क गायब होऊन पुन्हा दिसते. एवढं दिसलं की ती डिस्क वापरणं लगेच थांबवा. खराब होत चाललेल्या डिस्कवरचं प्रत्येक वाचन तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतं, म्हणून डेटा शोधण्याचं सगळं काम मूळ डिस्कवर न करता तिच्या प्रतीवर करायचं. संपूर्ण डिस्कची एका फाइलमध्ये घेतलेली अशी जशीच्या तशी प्रत म्हणजे इमेज.

विंडोजने ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम चेकडिस्कही चालवू नका. ते फाइलसिस्टीमच्या, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे त्या मांडणीच्या, नोंदी दुरुस्त करण्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहितं, आणि अर्धवट वाचलेल्या नोंदींच्या आधारे झालेली दुरुस्ती पुष्कळदा फाइलींची नावं आणि फोल्डर पुसून टाकते.

आधी केबल बदलून पाहा आणि यूएसबी हब काढून डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडा. अडीच इंची डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते, ती कमी पडली तरी डिस्क सारखी तुटते. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचा, अहवाल मिळत असेल तर ५, १९७ आणि १९८ क्रमांकांचे मूळ आकडे बघा. ते शून्याच्या वर असतील तर सेक्टर, म्हणजे डेटा साठवणारे डिस्कचे छोटे तुकडे, खराब झालेत. फक्त १९९ वाढलेला असेल तर संशय केबलवर किंवा जोडणीवर घ्यावा.

डिस्क कटकट वाजत असेल, किंवा फिरायला लागून लगेच थांबत असेल, तर इथेच थांबा. तबकडीवरचा डेटा वाचणारं हेड बिघडलेलं असेल तर चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवर ओरखडे पडू शकतात. असा डेटा हवाच असेल तर स्वच्छ खोली असलेल्या रिकव्हरी लॅबलाच द्यावा. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय करू नका, आत दव साचतं. तशाच मॉडेलचं सर्किट बोर्ड बदलूनही सहसा भागत नाही, कारण त्या डिस्कपुरती जुळवणीची माहिती मूळ बोर्डवरच्या चिपमध्ये असते.

आवाज नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, डिस्क आपोआप माउंट होणं (फाइली वापरण्यासाठी उघडली जाणं) बंद करा आणि इमेज घेणारा ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम वापरा. उबुंटूत पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे, आज्ञा मात्र ‘डीडीरेस्क्यू’च. साध्या कॉपीत खराब सेक्टर आला की गाडी तिथेच अडते. हा प्रोग्राम अवघड जागा सोडून आधी चांगला भाग उचलतो आणि कुठे काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो. इमेजसाठी मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी मोकळी जागा लागते, भरलेल्या जागेएवढी पुरत नाही. तिथली फाइलसिस्टीम फॅट३२ नको, कारण तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

आज्ञेत आधी मूळ डिस्क, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल. क्रम उलटला तर जे वाचवायचं तेच पुसलं जाऊ शकतं. त्यामुळे जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने आकार आणि मॉडेल दोनदा तपासा. पहिल्या फेरीत उणे चिन्ह लावून लहान ‘एन’ हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडत बसणं टळतं. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला सुमारे पावणेतीन तास लागतात, आजारी डिस्कला कितीतरी जास्त. डिस्क तापत असेल तर काम थांबवून गार होऊ द्या. तीच मॅप फाइल दिली की काम सोडलं तिथून पुढे सुरू होतं. डिस्क तुटून पुन्हा जोडली गेली तर तिचं नाव बदललेलं असू शकतं, तेही पुन्हा बघा.

पहिली फेरी संपली की त्याच इमेज आणि मॅप फाइलवर उणे चिन्हासह लहान ‘डी’ आणि लहान ‘आर३’ हे पर्याय देऊन दुसरी फेरी करा. राहिलेल्या सेक्टरांना तीनदा प्रयत्न होतो. यात राहिलेल्या भागाचा आकडा हलेनासा झाला तर रेटू नका. काही एमबी राहिले असतील तर बहुतेक फाइली हाती आलेल्या असतात.

मूळ डिस्क आता बाजूला ठेवा. इमेजचीही एक प्रत करा आणि ती फक्त-वाचन पद्धतीने माउंट करून फोल्डर बाहेर काढा. माउंट झाली नाही तर ‘टेस्टडिस्क’ या प्रोग्रामने पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले विभाग, शोधा. तेही जमलं नाही तर ‘फोटोरेक’. ते फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून ओळखतं, त्यामुळे मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, तुकड्यांत विखुरलेल्या फाइली बिघडलेल्या निघतात. म्हणून त्याचा नंबर शेवटी. काढलेल्या फाइली इमेज असलेल्या डिस्कवर न ठेवता तिसऱ्या डिस्कवर ठेवा आणि मोठे व्हिडिओ, झिप फाइली खरोखर उघडतात का ते तपासा. नाव आणि आकार बरोबर असूनही आतला एखादा सेक्टर रिकामा असू शकतो.